स्पॅनिश घेऊन पदवी करायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. कुणाची भाची असते, कुणाच्या सोसायटीतला मुलगा, तर कधी तिशी ओलांडलेलं कुणी स्वतःसाठीच विचारत असतं. मी दिल्लीत स्पॅनिशमध्ये बी.ए. आणि एम.ए. केलं, आता पुण्यात भाषांतरं करते आणि थोडं शिकवते. प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

क्लास लावून स्पॅनिश शिकणं आणि विद्यापीठात पदवी करणं, यात फरक काय?

क्लासमध्ये भाषा शिकवतात. पदवीत पहिली दोन-तीन सेमिस्टर भाषा शिकवतात आणि मग त्या भाषेतून बाकी सगळं: स्पेनचा आणि लॅटिन अमेरिकेचा इतिहास, कविता, नाटक, कादंबरी, भाषाशास्त्र, भाषांतर. तिसऱ्या वर्षी तुम्ही सतराव्या शतकातलं नाटक मूळ भाषेत वाचत असता, आणि त्यावर परीक्षेत स्पॅनिशमध्येच चार पानं लिहायची असतात.

तुम्हाला फक्त बोलता यायला हवं असेल, कामापुरती पत्रं लिहिता यायला हवी असतील, तर तीन वर्षं घालवू नका. चांगला क्लास लावा, दीड-दोन वर्षांत काम होईल. वाचायची आवड नसताना केवळ ‘परदेशी भाषेला स्कोप आहे’ म्हणून आलेली मुलं दुसऱ्या वर्षी कशी कोमेजतात, ते मी पाहिलं आहे.

ही पदवी मिळते कुठे? महाराष्ट्रात राहून होईल का?

पूर्ण वेळ बी.ए. ऑनर्ससाठी मराठी मुलं प्रामुख्याने दिल्ली आणि हैदराबाद गाठतात. दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात स्पॅनिश, पोर्तुगीज, इटालियन आणि लॅटिन अमेरिकन अभ्यास यांचं मिळून एक केंद्र आहे, तिथे बी.ए.पासून पीएच.डी.पर्यंत सोय आहे. दिल्ली विद्यापीठात जर्मॅनिक आणि रोमान्स अभ्यास विभाग आहे. हैदराबादला इफ्लू, म्हणजे इंग्रजी आणि परदेशी भाषांचं केंद्रीय विद्यापीठ. पदवीच्या प्रवेशासाठी जवाहरलाल नेहरू विद्यापीठात (जेएनयूत) २०२२पासून सीयूईटी ही सामाईक प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. इतर ठिकाणचे नियम त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा. ओळखीतल्या दादाने तीन वर्षांपूर्वी काय केलं, यावर विसंबू नका.

पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट सगळ्यांना माहीत असतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग तिथे आहे आणि स्पॅनिशचे सर्टिफिकेटसारखे अर्धवेळ कोर्स तिथे चालतात. दुसरी पदवी करता करता चव घ्यायला याहून बरी जागा नाही. पुण्यातली बरीच मुलं इथे एक वर्ष काढतात, भाषा मानवते का ते बघतात आणि मग दिल्लीचा अर्ज भरतात. मला हा मार्ग शहाणपणाचा वाटतो.

गोवा विद्यापीठाचंही कुणी ना कुणी विचारतं. तिथली परंपरा पोर्तुगीजची आहे. भाषा सख्ख्या बहिणी असल्या तरी घरं वेगळी.

आधीपासून स्पॅनिश यायला हवं का? बारावी सायन्सला आहे, चालेल?

स्पॅनिश येत नसेल तरी चालतं, वर्ग पहिल्या अक्षरापासून सुरू होतो. शाखाही आड येत नाही. माझ्या वर्गात दोघं इंजिनिअरिंग अर्धवट सोडून आले होते.

मराठी माध्यमातून शिकलोय, इंग्रजी बेताचं आहे. जमेल का?

जमेल, आणि काही बाबतीत इंग्रजीतून विचार करणाऱ्यांपेक्षा लवकर जमेल. हे धीर द्यायला सांगत नाही, व्याकरण समोर ठेवून बघा.

‘मला आंबा आवडतो.’ स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल मांगो’. मे म्हणजे मला, गुस्ता म्हणजे आवडतो. शब्दाला शब्द. एकाचे अनेक आंबे झाले की आपण ‘आवडतात’ म्हणतो, तिकडे ‘गुस्तान’ होतं. क्रियापद आपल्याप्रमाणेच आंब्याच्या मागे जातं. इंग्रजीतलं ‘आय लाइक’ डोक्यात धरून बसलेली मुलं ‘यो गुस्तो’ करत अख्खं सेमिस्टर घालवतात. यो म्हणजे मी. त्या वाक्याचा अर्थ साधारण ‘मी आवडतो’कडे झुकतो, आणि सर शांतपणे विचारतात, कुणाला?

भूतकाळ घ्या. ‘मी गेलो’ म्हणजे ‘फुई’. ‘मी जायचो’ म्हणजे ‘इबा’. एकदा घडून संपलेलं आणि तेव्हा नेहमी घडणारं, हा भेद आपण रोज करतो. पुस्तकं त्यावर दोन-दोन प्रकरणं खर्च करतात. मी विद्यार्थ्यांना सांगते, आधी मराठीत म्हणून बघा. ‘-यचो’ आलं की इबाच्या घरात जा.

मग ते बदनाम सुब्खुन्तिवो, ज्याच्या नावाने मुलं रडतात. ‘तो येतो’ म्हणजे ‘बिएने’. ‘त्याने यावं असं मला वाटतं’ म्हणजे ‘किएरो के बेंगा’. येतो आणि यावं. आपल्या व्याकरणात याला विध्यर्थ म्हणतात, सातवीत शिकलो आणि विसरलो. सगळीकडे हा हिशेब बसत नाही हेही सांगते. ‘तो आला की सांग’ इथे मराठी भूतकाळाचं रूप वापरते आणि स्पॅनिश पुन्हा ‘बेंगा’ म्हणते. पण निम्मी वाट तुम्ही जन्मापासून चाललेली आहे.

तू, तुम्ही आणि आपणचंही तेच. स्पॅनिशमध्ये ‘तू’ हा शब्द चक्क ‘तू’च आहे, आणि मान द्यायला ‘उस्तेद’. आईला अगं आणि बाबांना अहो म्हणणाऱ्यांना हे समजवावं लागत नाही. गंमत उलट होते. स्पेनमध्ये विद्यार्थी प्राध्यापकांनाही सर्रास ‘तू’ म्हणतात आणि आपल्या तोंडून ते काही केल्या निघत नाही.

उच्चारात त आणि द आपल्यासारखेच दातांवर जीभ टेकवून. क, प, त यांच्यात हवा सोडायची नाही, तीही सवय आपल्याला आहेच. पाच स्वर, आणि ते जागा बदलत नाहीत.

इंग्रजी लागतंच नाही असं मात्र नाही. प्रवेशपरीक्षेत लागतं, पहिले काही महिने शिक्षक अधूनमधून इंग्रजीचा आधार घेतात, आणि समीक्षेची निम्मी पुस्तकं इंग्रजीत असतात. वाचून समजण्यापुरतं हवं. फाडफाड बोलता येत नाही म्हणून अडून बसू नका.

मग अवघड काय आहे?

‘आहे’. मराठीत एकच आहे, स्पॅनिशमध्ये दोन: सेर आणि एस्तार. ‘तो मराठी आहे’ इथे सेर, ‘तो आजारी आहे’ इथे एस्तार. कायमचं ते सेर आणि तात्पुरतं ते एस्तार, असा सोपा नियम क्लासवाले देतात. मग कळतं की ‘तो मेलेला आहे’ याला एस्तार लागतं. आता मरणापेक्षा कायमचं काय असणार? अवस्था बदलून जे झालं ते एस्तार, हा नियम त्यातल्या त्यात टिकतो.

दुसरं, लिंग. आपल्याला तीन लिंगांची सवय, तिकडे दोनच, म्हणून सोपं वाटतं. पण जोड्या जुळत नाहीत. चंद्र तिकडे बाई होतो आणि नदी पुरुष. नाम पाठ करताना ‘ला लूना’, ‘एल रिओ’ असं पुढच्या शेपटीसकट पाठ करा, सुटं कधीच नाही.

आणि कडक र. ‘पेरो’ म्हणजे पण, ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. ऐकायला सोपं, पण वेगाच्या भरात सगळे कुत्रे ‘पण’ होतात.

मला बोलायला शिकायचंय. एवढं साहित्य कशाला?

या प्रश्नाचं उत्तर मी एका गोष्टीने देते. १५५४ साली स्पेनमध्ये एक छोटं पुस्तक छापलं गेलं, ‘लासारिओ दे तोर्मेस’. लेखकाचं नाव नाही. एक गरीब पोरगा एका आंधळ्या भिकाऱ्याचा वाटाड्या होतो. दोघांना द्राक्षांचा घड मिळतो. ठरतं की आळीपाळीने एकेक द्राक्ष खायचं. थोड्या वेळाने आंधळा दोन-दोन खायला लागतो. पोरगा म्हणतो, हा करार मोडतोय तर मी का मागे राहू, आणि तो तीन-तीन खातो. घड संपल्यावर आंधळा म्हणतो, तू मला फसवलंस. पोरगा विचारतो, कशावरून? आंधळा म्हणतो, मी दोन-दोन खात होतो आणि तू गप्प होतास.

ही गोष्ट पहिल्यांदा वर्गात वाचली तेव्हा आम्ही नुकतंच क्रियापदांचे काळ संपवले होते. शब्द सगळे येत होते. तरी वर्ग दोन मिनिटं गप्प होता, आणि मग एकदम हसला. पोट भरणं, लबाडी आणि गप्प बसण्याची किंमत, हे चार ओळींत. पुस्तकाला धर्मन्यायालयाने १५५९ साली बंदी घातली, कारण त्यातले पाद्री पोराला उपाशी ठेवतात. आजही आंधळ्याच्या वाटाड्याला स्पॅनिशमध्ये ‘लासारिओ’ म्हणतात. हे माहीत नसलेला माणूस तो शब्द कोशातून काढू शकेल, पण त्यातलं हसू कुठून काढणार?

सेर्वांतेसचा ‘दोन किखोते’ (आपल्याकडचा डॉन क्विक्झोट) अर्थातच असतो, १६०५ आणि १६१५ अशा दोन भागांत. पहिल्या भागाच्या यशावर डोळा ठेवून १६१४ साली कुणीतरी टोपणनावाने खोटा दुसरा भाग छापला. सेर्वांतेसने खऱ्या दुसऱ्या भागात त्या खोट्या पुस्तकाचीच टर उडवली, आणि त्यातली पात्रं पहिला भाग वाचून बसलेली असतात. अख्खा वाचायची सक्ती पदवीला सहसा नसते. मी एम.ए. झाल्यावर पूर्ण वाचला, लपवत नाही.

मध्ययुगीन साहित्याच्या तासाला ‘कालिला ए दिम्ना’ येतं आणि मराठी मुलाच्या कानात घंटी वाजते. हे आपल्या पंचतंत्रातले करटक आणि दमनक. संस्कृतातून इराणच्या जुन्या पहलवी भाषेत, तिथून अरबीत आणि १२५१ साली कास्तिलच्या भाषेत, म्हणजे तेव्हाच्या स्पॅनिशमध्ये, असा त्यांचा प्रवास झाला.

विसाव्या शतकात तर ये-जा वाढते. कवी ओक्तावियो पास १९६२ ते १९६८ मेक्सिकोचे राजदूत म्हणून दिल्लीत होते. १९६८च्या ऑक्टोबरमध्ये मेक्सिको शहरात सरकारने विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या तेव्हा त्यांनी निषेध म्हणून ते पद सोडलं. त्यांच्या दिल्लीतल्या कविता दिल्लीत बसून वाचणं हा वेगळाच अनुभव असतो.

मला स्वतःला सर्वांत जवळचा वाटतो तो ‘तेस्तिमोनिओ’ हा प्रकार. ज्यांना कुणी लिहू दिलं नाही त्यांनी आपलं जगणं सांगायचं. ग्वातेमालातल्या माया समाजातल्या रिगोबेर्ता मेंचू यांनी आपली हकिकत स्पॅनिशमध्ये सांगितली, दुसऱ्या बाईने ती लिहून काढली आणि १९८३ साली ती पुस्तक झाली. ‘मी एकटीची गोष्ट सांगत नाही’ हा त्यातला सूर. ‘बलुतं’ १९७८चं. ज्याने दगडू मारुती पवारला दया पवारच्या तोंडून बोलताना वाचलं आहे, त्याला ‘मी’ बोलताना आतून किती जण बोलत असतात, हे नव्याने शिकवावं लागत नाही. एम.ए.च्या प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्यांनो, दलित आत्मकथनं आणि तेस्तिमोनिओ शेजारी ठेवून बघा. हे काम करायला मराठी वाचता येणारा माणूसच हवा.

संस्कृतीचा पेपर म्हणजे फ्लॅमेंको, बैलांची झुंज आणि फुटबॉल का?

पहिल्या आठवड्यात हो. मग इतिहास सुरू होतो. ७११पासून १४९२पर्यंत स्पेनच्या कमी-अधिक भागावर मुस्लिम सत्ता होती, आणि त्या आठ शतकांचे अवशेष रोजच्या बोलण्यात आहेत. साखरेला आसूकार म्हणतात, नारंगीला नारांखा, बुद्धिबळाला आखेद्रेस. अरबांनी हे शब्द फारसीतून घेतले आणि फारसीने आपल्याकडून: शर्करा, नारंग, चतुरंग. ‘देव करो आणि तसं होवो’ या अर्थाचा ‘ओखाला’ अरबीच. कडवा कॅथलिक माणूसही दिवसातून चारदा तो म्हणतो, त्यात अल्ला बसला आहे हे त्याच्या गावीही नसतं.

१४९२ हे साल तर पाठच होतं. ग्रानादा पडलं, ज्यूंना हाकललं, कोलंबस निघाला आणि नेब्रिखाने कास्तिलियन भाषेचं पहिलं व्याकरण छापलं, सगळं एकाच वर्षात. पुढे अमेरिकेत काय झालं, किती माणसं मेली, किती भाषा बुजल्या, हे वाचताना झोप उडते.

त्याच वाटेने आपल्या ताटात काय आलं बघा. एकादशीची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्याच्यापासून करतात तो कसावा, बटाटा, शेंगदाणा, मिरची, हे सगळं मूळचं अमेरिका खंडांतलं. तूप, जिरं आणि मीठ तेवढं इकडचं. पाचशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर यातलं काही नव्हतं, आणि आज उपासाला चालतं. ते आणलं बहुतांशी पोर्तुगीजांनी, म्हणून बटाटा, साबण, चावी, पगार, परात हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीज कपडे घालून आले. पण ‘पागार’ म्हणजे पैसे देणं, हे स्पॅनिशमध्येही तसंच आहे. महिन्याच्या एक तारखेला आठवा.

स्पेनची स्पॅनिश शिकवतात की मेक्सिकोची?

शिक्षक जिथे शिकून आला तिथली. स्पॅनिश २० देशांची अधिकृत भाषा आहे, शिवाय पोर्तो रिको. कोल्हापूरचं मराठी खरं की नागपूरचं, असा हा प्रश्न आहे. स्पेनच्या बऱ्याच भागात ‘सेता’ (झेड) अक्षराचा उच्चार जीभ दातांत धरून करतात, अमेरिकेत सरळ स. अर्जेंटिनात ‘तू’ऐवजी ‘व्होस’ चालतं. एक धरा आणि बाकीच्या ऐकून समजू द्या. एवढं सावध करते की स्पेनमध्ये बस ‘पकडायला’ जे क्रियापद वापरतात, कोखेर, ते मेक्सिको आणि अर्जेंटिनात चारचौघांत उच्चारू नका. कारण शिक्षकांना विचारा, ते लाजतील.

स्पेनमध्येही एकच भाषा नाही. कातालान, गालेगो आणि बास्क आहेत. यातली बास्क तर जगातल्या कुठल्याच ज्ञात भाषेची नातेवाईक नाही. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत, म्हणजे १९७५पर्यंत, या भाषांची सार्वजनिक जागा हिरावली गेली होती. म्हणूनच तिकडे कित्येक जण ‘एस्पान्योल’ न म्हणता ‘कास्तेयानो’ म्हणतात.

फ्रेंच-जर्मन सोडून स्पॅनिशच का?

जर्मनीत इंजिनिअरिंग करायचं असेल तर जर्मनच घ्या. उगाच भांडत नाही.

डेले परीक्षा द्यावी का? पदवी असताना गरज काय?

द्यावी. स्पॅनिश किती येतं हे ठरवणारी ही परीक्षा इन्स्तितुतो सेर्वांतेस ही स्पेनची सरकारी संस्था घेते, दिल्लीत त्यांचं केंद्र आहे. ए-१पासून सी-२पर्यंत सहा पातळ्या. प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. सिएले नावाची दुसरी परीक्षा संगणकावर होते, तिचा निकाल पाच वर्षं ग्राह्य धरतात. कंपनीतल्या माणसाला तुमच्या बी.ए.च्या गुणपत्रिकेतून काही कळत नाही, बी-२ म्हटलं की कळतं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी बी-१, पदवी संपताना बी-२, असा बेत ठेवा. ए-१ आणि ए-२वर पैसे घालवू नका.

थेट स्पेनलाच गेलं तर?

तिथली पदवी चार वर्षांची, २४० क्रेडिटची. बारावीनंतर परदेशी विद्यार्थ्यांना युनेद या विद्यापीठाच्या यंत्रणेतून मान्यता घ्यावी लागते, आणि वर्गात तुमच्या शेजारी बसलेल्या मुलांची ती मातृभाषा असते. मी तरी इथे पदवी करून मास्टर्सला जा असंच सांगते. ते बहुधा एका वर्षाचं, ६० क्रेडिटचं असतं. सालामांकाचं विद्यापीठ १२१८चं, म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वरी व्हायच्या आधीचं, पण केवळ त्या आकड्यावर भाळू नका. अभ्यासक्रम आणि राहण्याचा खर्च बघा.

नोकरी लागते का? खरं सांगा.

लागते. पुणे, बंगळूर, हैदराबाद, गुरुग्राम इथल्या कंपन्यांत लॅटिन अमेरिकेतल्या ग्राहकांचं काम चालतं: बिलं, तक्रारी, पुरवठादारांशी पत्रव्यवहार. सुरुवात बहुतेकांची तिथेच होते, आणि घड्याळ मेक्सिकोचं असल्यामुळे रात्रपाळी असते. शाळा-क्लासमध्ये शिकवणं, भाषांतर, दुभाषेगिरी, दूतावास हे पुढचे रस्ते. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए.नंतर नेट ही पात्रता परीक्षा, त्यात स्पॅनिश हा विषय आहे, पण जागा मोजक्या. स्पॅनिशच्या जोडीला अकाउंट्स, कायदा, डेटा असं काहीतरी एक हातात ठेवा.

आता यंत्रच भाषांतर करतं. मग तीन वर्षं कशाला?

बिलांचं भाषांतर यंत्र करतं आणि बरं करतं, माझं ते काम गेलंच. माझ्याकडे आता यंत्राने केलेलं तपासायला येतं. परवा एका कौटुंबिक दाव्याचे कागद होते. स्पॅनिशमधला ‘सु’ म्हणजे त्याचा, तिचा, त्यांचा, आपला, काहीही. यंत्राने बायकोच्या आईचं घर नवऱ्याच्या आईच्या नावावर करून टाकलं होतं. वाक्य अगदी सफाईदार होतं, म्हणून तीन जणांच्या नजरेतून सुटलं.

डोक्यावर वेलांटी असलेलं ते ‘एन्ये’ टाइप केलंच पाहिजे का? साधं एन चालत नाही?

स्पॅनिश कीबोर्ड लावून घ्या, फोनवर एन दाबून धरा, विंडोजवर ऑल्ट धरून १६४. पण करा. ‘आन्यो’ म्हणजे वर्ष. वरची ती रेघ विसरलात तर ‘आनो’ होतं, म्हणजे गुदद्वार. आणि स्पॅनिशमध्ये वय सांगताना ‘मला वीस वर्षं आहेत’ असं म्हणतात.